ट्रान्सकायमध्ये माणूस एकटा ओळखला जात नाही

जोहान्सबर्गच्या मिनीबस टॅक्सीत कंडक्टर नसतो. पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीनं बसतात, दार सरकवून बंद होतं आणि गाडी सुटली की पैसे मागून पुढे यायला लागतात. मागच्या रांगेतली बाई पुढच्याच्या खांद्यावर नोट टेकवते, "दोघींचे" म्हणते. ती नोट हातोहात पुढे जाते, प्रत्येक जण आपले पैसे त्यात घालतो. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला प्रवासी त्या फेरीचा हिशेबनीस होतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं, तो त्या जागी बसला म्हणून ते काम त्याचं. सुटे पैसे आले त्याच वाटेनं परत जातात आणि चुकले तर सगळी गाडी मिळून बेरीज करते. शेजारच्या कॉलेजच्या मुलीला मी विचारलं, "हेच का ते उबुंटू?" ती म्हणाली, "हा हिशेब आहे, सिसी." सिसी म्हणजे ताई. तेव्हा मला वाटलं, तिनं माझा प्रश्न मोडीत काढला. ईस्टर्न केप प्रांतात काही दिवस राहिल्यावर पटलं की तिनं उत्तरच दिलं होतं.

उबुंटू, म्हणजे माणूसपण. हे नाव आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा एका संगणक प्रणालीचं म्हणून वाचलं. मग कुठल्याशा भाषणात ऐकलं, "मी आहे कारण आपण आहोत." हे वाक्य केनियाचे धर्मतत्त्वज्ञ जॉन म्बिती यांनी 1969 मध्ये लिहिलं. लोक मात्र झुलूमध्ये म्हणतात, "उमुंतू न्गुमुंतू न्गाबांतू", माणूस माणसांमुळे माणूस होतो. यातलं 'होतो' मला महत्त्वाचं वाटतं. जन्माला आलात म्हणजे काम झालं असं ही परंपरा मानत नाही. वाईट वागणाऱ्याबद्दल लोक सरळ म्हणतात, तो माणूस नाही. माणूसपण मिळवावं लागतं, टिकवावं लागतं, आणि ते मिळालं की नाही हे दुसरे सांगतात.

पर्यटकांच्या दुकानांत हे वाक्य मगवर, टी-शर्टवर छापलेलं दिसतं, एखाद्या गोड शुभेच्छेसारखं. ते वाचून आलेल्या माणसानं आधी जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर जावं. तिथे पूर्वी तुरुंग होता. गांधीजी 1908 मध्ये तिथे कैदी होते, पुढे मंडेलाही. कच्च्या कैद्यांची इमारत पाडून तिच्याच विटांनी संविधान न्यायालयाची आजची वास्तू बांधली, 2004 मध्ये ती उघडली. दालनातले खांब मुद्दाम तिरपे आहेत, झाडांसारखे, कारण गावचा न्याय झाडाखाली बसून होत असे. न्यायाधीशांच्या बाकाला पुढून गाईची कातडी लावली आहेत, आणि एकाच्या अंगावरची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. एक रांग, पण प्रत्येकाचं कातडं वेगळं. मी तिथे बराच वेळ थांबले.

वर्णद्वेषी राजवटीतून बाहेर पडताना 1993 मध्ये जे अंतरिम संविधान लिहिलं गेलं, त्याच्या शेवटी म्हटलं होतं की देशाला समजुतीची गरज आहे, सूडाची नाही. उबुंटूची गरज आहे, कुणाला बळी देण्याची नाही. 6 जून 1995 रोजी याच न्यायालयानं एकमतानं फाशीची शिक्षा रद्द केली आणि न्यायमूर्ती इव्हॉन म्होखोरो यांच्यासह काही न्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात उबुंटूचा आधार घेतला. खुनी माणसाचंही माणूसपण सरकारनं काढून घ्यायचं नाही, असा तो विचार. 1996 च्या कायम संविधानात हा शब्द उरला नाही, निकालांत मात्र येत राहिला. 2006 च्या अब्रुनुकसानीच्या एका खटल्यात म्होखोरो आणि ॲल्बी सॅक्स यांनी मांडलं की अब्रू गेली तर तिची किंमत पैशात लावण्याआधी माफी मागायला लावावी, कारण तुटलं आहे ते दोन माणसांमधलं नातं. कोर्टाच्या कागदांत इतकी घरगुती समज मी फार कमी वेळा वाचली आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. 'बांतू' हे नाव भाषाशास्त्रज्ञांनी भाषांच्या एका मोठ्या कुळाला दिलं. त्या भाषांत त्याचा अर्थ फक्त 'माणसं'. वर्णद्वेषी सरकारनं तेच नाव उचलून 1953 चा बांतू एज्युकेशन ॲक्ट केला, काळ्या मुलांना मुद्दाम कमी शिकवण्यासाठी. म्हणून दक्षिण आफ्रिकेत कुणालाही 'बांतू' म्हणून हाक मारू नये. आपण भाषांबद्दल बोलताना वापरतो, तिथल्या माणसाला तो अपमान ऐकू येतो.

जोहान्सबर्गहून मी ईस्टर्न केपमधल्या ईस्ट लंडनला गेले. तिथल्या सिटी हॉलमध्ये एप्रिल 1996 मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली वर्णद्वेषी काळातल्या अत्याचारांची नोंद घेणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाची पहिली सुनावणी झाली. लाल-पांढरी, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत. बाहेर शेंगदाणे विकणाऱ्या बायका. इथेच नोमोंडे कलाता साक्ष देताना मान मागे टाकून आक्रोशल्या. त्यांचे पती फोर्ट कलाता हे 'क्रेडॉक फोर' पैकी एक, म्हणजे 1985 मध्ये पोलिसांनी मारलेल्या चार वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्यांपैकी. गुन्ह्याची पूर्ण कबुली देणाऱ्याला आयोग शिक्षेतून माफी देऊ शकत होता; अशा माफीसाठी सात हजारांवर अर्ज आले, त्यांपैकी 849 मंजूर झाले. पीडितांना 2003 मध्ये एकदाच 30,000 रँड जाहीर झाले, आयोगानं सुचवलं होतं त्याहून खूप कमी. क्रेडॉक फोरच्या खुन्यांना माफी नाकारली गेली, पण खटलाही चालला नाही. 2025 मध्ये त्या मृत्यूंची चौकशी पुन्हा सुरू झाली, चाळीस वर्षांनी.

तिथून तासाभरावर क्योन्से, म्हणजे जुनं किंग विल्यम्स टाउन. तिथल्या गिन्सबर्ग वस्तीत वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको वाढला. 12 सप्टेंबर 1977 रोजी तो पोलिस कोठडीतल्या मारहाणीमुळे गेला, वय तिशीचं. आफ्रिका जगाला अधिक माणुसकीचा चेहरा देईल असं त्यानं लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्याच कुटुंबानं माफीच्या कायद्याविरुद्ध संविधान न्यायालयात दाद मागितली. ते हरले. मला ही विसंगती वाटत नाही. उबुंटूच्या नावानं पीडितांना आधी क्षमा करायला सांगितलं गेलं आणि जाब विचारायचा राहून गेला. जुन्या रीतीत क्रम उलटा आहे: आधी सगळ्यांसमोर कबुली, मग भरपाई, मग एकत्र जेवण. झोसा समाजाच्या गावात कुणी कुणाचं नुकसान केलं तर दोन्ही घरं बसतात, जनावरांत किंवा पैशात दंड ठरतो, तो भरला जातो, आणि त्यानंतरच संबंध पूर्ववत होतात. बिको कुटुंब याहून वेगळं काही मागत नव्हतं.

पुढे जुन्या ट्रान्सकायमध्ये, म्हणजे वर्णद्वेषी सरकारनं झोसांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशात, म्थाथा शहराच्या दक्षिणेला, म्क्वांडुलीच्या पलीकडे एका गावात मी राहिले. ओळखीतल्या ओळखीनं ती सोय झाली होती. टेकड्यांवर विखुरलेली गोल घरं, बरीचशी फिकट हिरव्या-निळ्या रंगात रंगवलेली. मक्याची शेतं, आणि रस्त्याच्या मधोमध निवांत उभ्या गाई. यजमान घरातली आजी, म्हणजे मखुलू, तिनं माझं नाव विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न, "इसिदुको कोणतं?" इसिदुको म्हणजे कूळनाव. मंडेलांना सगळा देश 'मदिबा' म्हणायचा ते त्यांचं कूळनावच. मी आडनाव सांगितलं. ते नवऱ्याचं की वडिलांचं? नवऱ्याचं. मग तिनं मान हलवली. वडिलांचं सांग, आईचं सांग, आईच्या आईचं सांग. मला आजीच्या माहेरचं आडनाव आठवायला वेळ लागला. झोसा सुनेलाही सासरी नवं नाव देतात, आपल्याकडे तांदळात लिहितात तसंच. पण ती माहेरचं कूळनाव मरेपर्यंत राखते. आदरानं हाक मारायची तर लोक त्याच नावानं मारतात. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं, आडनावही बदललं, आणि तिची जुनी सही पाहिलेलं कुणी आज उरलं नाही. त्या गोल घरात, चटईवर बसून, हे मला पहिल्यांदा नीट टोचलं.

"तुझी नाळ कुठे पुरली?" हा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, दवाखान्यात जन्मले. मखुलूला हे उत्तर पुरलं नाही, पण तिनं ते चालवून घेतलं.

त्याच आठवड्यात गावात एक म्हातारे गृहस्थ वारले. त्यांचं आयुष्य सोन्याच्या खाणीत गेलं होतं, वर्षातून एकदा घरी. दफन शनिवारी असतं, म्हणजे शहरांतून माणसं पोचू शकतात. शुक्रवारी रात्रभर जागर झाला. मी आधी पाहुण्यासारखी भिंतीशी बसले होते. मग एका बाईनं काही न बोलता माझ्या हातात सुरी दिली आणि बटाट्यांचं पोतं पायाशी ओढलं. पहाटेपर्यंत सोलत होतो. कोबी, गाजरं, भोपळा, आणि तीन पायांच्या काळ्या लोखंडी हंड्यांत रटरटणारं उम्न्गुशो, म्हणजे भरडलेला मका आणि घेवड्याचे दाणे. कुणाच्या मुलाची फी राहिली, कुणाची सून केपटाउनला गेली, सगळं त्या बटाट्यांवर बोललं गेलं. खड्डा गावातल्या पोरांनी खणला.

सकाळी मांडवात कार्यक्रमपत्रिका वाटली. तिच्यात वक्त्यांची यादी असते, आणि ती यादी नात्यांची असते: शेजारी, खाणीतला सोबती, चर्चमधलं कुणी, नातवंडांतर्फे एक, घराण्यातर्फे एक. प्रत्येकानं आपल्या बाजूनं तो माणूस सांगायचा. खाणीतल्या सोबत्यानं सांगितलं की दरड कोसळली तेव्हा हा परत आत गेला होता. घरच्यांना हे माहीत नव्हतं. मुलगी उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. शेजाऱ्यानं बैलांच्या जुन्या भांडणाचीही गोष्ट सांगितली, ते कसं मिटलं तेही सांगितलं. मेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड बोलावं असा आग्रह तिथे नव्हता. स्वतःला तो जितका ठाऊक असेल त्याहून जास्त त्या मांडवात त्याच्याबद्दल जमा झालं होतं, आणि ते एका माणसाकडे कधीच एकत्र नव्हतं. दुसऱ्यांमधून स्वतःला ओळखणं म्हणजे काय, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. ते चालताना मी इथे पाहिलं. त्या माणसानं ते ऐकायला हवं होतं, असं मला फार वाटलं. मी मखुलूला तसं म्हटलं. तिच्या मते तो ऐकत होताच, पूर्वज कुठे जात नाहीत.

मग वर्गणीची वही उघडली. दफनासाठी बायकांची भिशी असते; दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला की तंबू, हंडे, किराणा सगळं तिच्यातून. कुणी किती दिलं हे मोठ्यानं वाचलं गेलं, आणि कुणाचं राहिलं आहे हेही. मला क्षणभर अवघड वाटलं. पण ज्यांचं राहिलं होतं त्या बायकांनी उठून तारीख सांगितली आणि विषय संपला. गुपचूप थकबाकी ठेवून मनात झुरण्यापेक्षा हे किती बरं. यादीत गावातल्या सोमाली दुकानदाराचं पिठाचं पोतं होतं. तो जाळीच्या आडून दुकान चालवतो, कारण परदेशी दुकानदारांवर हल्ले झाले आहेत. मे 2008 च्या हिंसाचारात 60 हून अधिक माणसं मारली गेली. त्याचं नाव वाचलं गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. जाळी मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच होती. या देशात या दोन्ही गोष्टी आहेत, आणि एकीनं दुसरी झाकायला मी तयार नाही.

कबरीवरून परतताना फाटकाशी पाण्याची घमेली ठेवली होती. सगळ्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. पुरुष गोठ्याकडे, बायका घराकडे. गोठा हे पूर्वजांचं ठिकाण. बाहेरच्या बाईनं तिथे जायचं नसतं, सुनेनंही नाही. मी विचारलं, निर्णय तिथे होतात ना? मखुलूची नात, म्थाथाला नर्स असलेली, ठामपणे म्हणाली, "होतात, आणि ते बदललं पाहिजे." मंडेला लहानपणी म्खेकेझ्वेनीला राजप्रतिनिधीच्या अंगणात अशा सभा बघत वाढले. तिथे प्रत्येकाला बोलू दिलं जाई, प्रमुख शेवटपर्यंत ऐकत राही, एकमत होईपर्यंत सभा उठत नसे. लोकशाही मी तिथे शिकलो, असं ते सांगत, आणि बायकांना त्या सभेत जागा नव्हती हेही सांगत. माणूस माणसांमुळे होत असेल, तर अर्ध्या माणसांना बाहेर बसवून तो अर्धाच होणार. नात हेच म्हणत होती, तिच्याच परंपरेच्या भाषेत.

जायचं असेल त्यांच्यासाठी: जोहान्सबर्गहून म्थाथाला विमान आहे. गाडीनं निघालात तर एन टू रस्त्यावर रात्री चालवू नका, जनावरं आणि खड्डे दिसत नाहीत. ईस्ट लंडनहून येताना मंडेलांचं लहानपणीचं गाव कुनु वाटेतच लागतं. वाट विचारण्याआधी "मोल्वेनी" म्हणा, तब्येतीची विचारपूस होऊ द्या, त्यातच पाच मिनिटं जातील. काही देताना-घेताना दोन्ही हात पुढे करा. शाकाहारी असाल तर उम्न्गुशो आणि उम्फिनो, म्हणजे पालेभाजी घालून शिजवलेलं मक्याचं पीठ, दोन्ही पोटभर मिळतात. घरातून निघण्याआधी आई-आजीला त्यांच्या माहेरची नावं विचारून घ्या. आणि शनिवारी कुठे मांडव दिसला आणि तुम्हाला आत बोलावलं, तर फोन खिशात ठेवून सरळ हंड्यांकडे जा, तिथे हात नेहमीच कमी पडतात.