साग झाला, आता कण्हेर

सुताराकडून आणलेला सागाचा तुकडा शेवटी नीट वाचता आला. आडवा छेद ८०, २२० आणि ६०० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासला होता, तरी भोकं भुशानं बुजलेलीच राहिली. मग छेद ओला केला, नवं ब्लेड घेतलं आणि एकाच ओढीत पातळ पापुद्रा काढला. दसपटीच्या भिंगाखाली वलयाच्या (खोडात दरवर्षी वाढणाऱ्या लाकडाच्या थराच्या) सुरुवातीला टपोऱ्या भोकांची रांग लख्ख दिसली. पुढे वलय संपेपर्यंत ती बारीक होत जातात.

ही भोकं म्हणजे कापलेल्या जलवाहिन्या. नळीचा व्यास दुप्पट झाला, की तेवढ्याच दाबानं सोळापट पाणी जातं. पावसाळ्यात सागाची ती ताटाएवढी पानं पोसली जातात ती याच्या जोरावर. मात्र माती सुकली, की वर ओढल्या जाणाऱ्या पाण्यावर ताण येतो, हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. रुंद नळ्यांच्या झाडांना हा धोका सहसा जास्त. आत्ता फेब्रुवारीत आमच्या गल्लीतला साग उघडाबोडका उभा आहे, तो का हे त्या पापुद्र्यात दिसतं.

कण्हेर मात्र याच उन्हात हिरवीगार आहे. तिच्या फांदीच्या छेदात नुसत्या डोळ्यांना एक भोक दिसत नाही. पानावर नेलपॉलिश लावून सेलोटेपनं ठसा काढला, तर वरच्या बाजूला पर्णरंध्रं (पान ज्यांतून वाफ सोडतं ती सूक्ष्म छिद्रं) नाहीतच आणि खालच्या बाजूला नुसते गोल काळसर खळगे. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पान बटाट्याच्या फोडीत धरून पातळ काप घेतले (हातमोजे घालूनच, कण्हेरीचा चीक विषारी असतो) आणि मायक्रोस्कोपखाली कोडं सुटलं. प्रत्येक खळगा म्हणजे केसांनी भरलेली छोटी गुहा आहे, आणि पर्णरंध्रं तिच्या आत. तिथली दमट हवा वाऱ्यानं सहज उडून जात नाही, त्यामुळे पान पाणी जपून सोडतं. केसांच्या जाळीतून डोकावणारं ते रंध्र पाहिलं आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठलो.

गल्लीतल्या सागाच्या एका फांदीला सुतळी बांधून ठेवली आहे. पालवी फुटू लागली, की दर आठवड्याला एक डहाळी कापणार. नव्या वलयातली टपोरी भोकं पानांच्या आधी उघडतात की पानांबरोबर, हे बघायचंय.