गिरगावच्या गॅलरीसाठी पाच जणी

गिरगावातल्या चाळीची लाकडी गॅलरी दुपारी साडेतीननंतर बघावी. पश्चिमेचं ऊन कठड्याच्या गजांतून आत येतं आणि फरशीवर पट्टे पडतात. घरातल्या बायकांना दिवसातला हाच काय तो स्वतःचा वेळ. माझं आजोळ तिथलं. एकेक चाळ पुनर्विकासात चालली आहे, म्हणून ही दुपार फोटोंत धरून ठेवायची असं बरीच वर्षं मनात होतं.

दोन वर्षांपूर्वी एकदा प्रयत्न केला आणि तो फसला. चेहरा बघून एक मुलगी निवडली होती. दिसायला छान, फोटोंची सवय असलेली. हनुवटी किती खाली घ्यायची, कुठला खांदा पुढे काढायचा, सगळं तिला पाठ. दोनशेच्या वर फ्रेम्स काढल्या. सगळ्या नीट आल्या, पण त्या गॅलरीत राहणारी बाई एकीतही दिसेना. चूक तिची नव्हती, माझ्या निवडीची होती.

या वेळी मराठीत एक मेसेज लिहिला आणि मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर, ओळखीच्या हौशी नाटकवाल्यांकडे आणि चाळीतल्या शेजाऱ्यांकडे पाठवला. त्यात विषय, जागा, किती तास लागतील, कपडे रोजचेच हवेत आणि माझ्यासोबत कोण असेल हे सगळं आधीच सांगितलं. मानधन दोन हजार, जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण वेगळं. हौशी आहेत म्हणून फुकट राबवून घ्यायचं, हे मला अजिबात पटत नाही.

४६ जणींनी फोटो पाठवले. बहुतेक सेल्फी, त्याही फिल्टर लावलेल्या. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात, त्यामुळे चेहऱ्याचा खरा अंदाज येत नाही. म्हणून प्रत्येकीला कळवलं, ‘खिडकीपाशी उभं राहा, घरातल्या कुणाला तरी चार-पाच फूट लांबून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा, फिल्टर नको.’ एवढ्यावरच यादी निम्मी झाली.

एकीने फोन करून आधी विचारलं, “तुम्हाला किती पैसे द्यायचे?” तिच्याकडून कुणीतरी पोर्टफोलिओच्या नावाखाली पंधरा हजार घेतले होते आणि पुढे फोन उचलणं बंद केलं होतं. ऐकून फार वाईट वाटलं. जो कामाला बोलावतो त्याने पैसे द्यायचे असतात, घ्यायचे नसतात, हे मी तिला दोनदा सांगितलं. “भावाला सोबत आणलं तर चालेल का?” हा तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, “आणाच.” अनोळखी पुरुष फोटोसाठी बोलावतोय म्हटल्यावर हे विचारायलाच हवं.

अकरा जणींना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटलो. डिसेंबरातली सकाळ, मावशी सोबत, आणि पिशवीत दोन किलो मटार. पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेरच काढला नाही. मावशी गप्पा मारायची आणि शेंगांचं ताट पुढे सरकवायची. कॅमेऱ्यासमोर येणारं हसू ठेवणीतल्या साडीसारखं असतं, हातात काम आलं की ते आपोआप गळून पडतं. काहींचे हात थबकत होते, नजर सारखी माझ्या बॅगेकडे जात होती.

महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या. शेंगेच्या शिवणीवर त्यांचा अंगठा दाबला जायचा, बारीकसा ‘टच्’ व्हायचा आणि दाणे ओंजळीत. पण रिकामं साल त्या टाकत नव्हत्या. ते उलटं मोडून आतला पातळ पापुद्रा अलगद ओढून काढत होत्या. “सालांची भाजी करते,” म्हणाल्या. पापुद्र्यातून ऊन आरपार दिसत होतं. त्या क्षणी माझी पहिली निवड झाली.

आणखी चौघी मिळाल्या. त्यातली एक सतरा वर्षांची, म्हणून संमतीपत्रावर तिच्या वडिलांची सही घेतली आणि शूटभर ते तिथेच बसले. संमतीपत्र एका पानाचं, साध्या मराठीत: फोटो प्रदर्शनात आणि इंटरनेटवर वापरीन, जाहिरातीला देणार नाही, छापण्याआधी दाखवीन, नको म्हणाल तो काढून टाकीन. उरलेल्या सहा जणींना मी स्वतः फोन केले. नकार मेसेजवर कळवणं बरं वाटेना.

शूट दोन रविवारी झालं. गॅलरी जेमतेम चार फूट रुंद, ८५ एमएमची लेन्स लावली तर मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे सगळं ५० एमएमच्या लेन्सवर.

फोटो दाखवायला काकूंकडे गेलो तेव्हा त्यांनी चष्मा पुसून एकेक नीट पाहिला. एकावर बोट ठेवलं. कठड्याला टेकून त्यांचा क्षणभर डोळा लागला होता तो. मला सगळ्यात आवडलेला.

“हा नको हो,” त्या म्हणाल्या. “यात मी फार दमलेली दिसते.”

तो मी त्यांच्यासमोरच काढून टाकला. मग त्यांनी पापुद्र्याचा फोटो पुन्हा मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि अलिबागच्या बहिणीसाठी त्याची आणखी एक प्रत मिळेल का, असं विचारलं.