तुम्ही विचारलंत म्हणून: खिलाफत सगळ्यांनाच हवी, खलिफा कुणालाच नको

पश्चिम आशियावर लिहितो म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो: "या सगळ्या कट्टर संघटनांना खिलाफतच हवी ना, मग एकमेकांच्या जिवावर का उठतात?"

हवी आहे म्हणूनच उठतात. खिलाफत म्हणजे समस्त मुसलमानांचं एकच राज्य, आणि खलिफा म्हणजे त्याचा एकमेव प्रमुख.

29 जून 2014 ला इसिसनं अबू बक्र अल-बगदादीला खलिफा जाहीर केलं. त्या घोषणेतच बजावलं होतं, की खिलाफतीची सत्ता जिथे पोचेल तिथल्या बाकी सगळ्या संघटना आणि अमिराती, म्हणजे अमिरांची (सरदारांची) राज्यं, बरखास्त. खलिफा एकच, बाकीच्यांनी दुकान बंद करून त्याची बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घ्यायची. अल-कायदाचा तेव्हाचा म्होरक्या जवाहिरी हे कसं ऐकणार? वर्षभरापूर्वी त्यानंच बगदादीला 'सीरिया सोड, इराकला परत जा' असं फर्मावलं होतं आणि बगदादीनं ते धुडकावलं होतं. कालचा हाताखालचा माणूस आज शपथ मागत होता!

अल-कायदाचं उत्तर तर अफलातून. जुलै 2014 च्या पत्रकात त्यांनी तालिबानचा अमीर मुल्ला उमर याच्यावरची आपली निष्ठा पुन्हा जाहीर केली. मुल्ला उमर एप्रिल 2013 मध्येच वारला होता. तालिबाननं ते 2015 पर्यंत दाबून ठेवलं. म्हणजे जिवंत खलिफाला शह द्यायला पुढे केला तो मेलेला अमीर.

1953 साली जेरुसलेममध्ये निघालेल्या हिज्ब उत-तहरीर या संघटनेची तर मुख्य मागणीच खिलाफत. तरी त्यांनीही बगदादीची ही खिलाफत मानली नाही. त्यांच्या मते ज्या प्रदेशावर पक्की हुकमत नाही, तिथली घोषणा पोकळ. त्यांचा मार्ग वेगळा: आधी लोकमत तयार करायचं, मग सैन्यातल्या वजनदार लोकांना वळवून सत्ता घ्यायची. मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमध्ये उगम पावलेल्या इस्लामवादी संघटनेच्या गोटातले धर्मपंडित करदावी यांनीही कतारमधून ही घोषणा शरियतनुसार बाद ठरवली. आक्षेप असा, की खलिफा नेमायचा हक्क समस्त मुसलमानांचा, एका टोळीचा नाही.

धर्मशास्त्र हा इथे नुसता मुखवटा आहे, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. निवड कुणी करायची, सल्लामसलत कुणाशी, हे वाद ही मंडळी मनापासून घालतात. फक्त प्रत्येकाचा निष्कर्ष त्याच्या सोयीचा निघतो.

तालिबानपुरतं बोलायचं तर त्यांनी कधी खिलाफत मागितलीच नाही. त्यांची अमिरात अफगाणिस्तानपुरती, आणि इसिसच्या लेखी हाच गुन्हा. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरलं आणि त्याच महिन्यात इसिसच्या खुरासान, म्हणजे अफगाणिस्तानातल्या, शाखेनं काबूल विमानतळाबाहेर स्फोट घडवला. आता तालिबान त्यांना खवारिज, म्हणजे इस्लामच्या सुरुवातीच्या काळातल्या बंडखोर पंथासारखे वाट चुकलेले, म्हणतं, आणि ते तालिबानला धर्मभ्रष्ट.