बायकांचा वॉर्ड, आणि बूथमध्ये शिरलेला नवरा

२३ एप्रिल २०२१. शुक्रवार होता, म्हणजे खरं तर गोव्यातल्या म्हापशाच्या बाजाराचा दिवस, पण मी एका शाळेच्या वर्गात पत्र्याची मतपेटी घेऊन बसलो होतो, प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे बूथचा प्रमुख म्हणून. आम्हा मास्तरांना इलेक्शन ड्युटी काही नवीन नाही. पण ती कोरोनाची दुसरी लाट होती, दोन दिवसांपूर्वीच रात्रीचा कर्फ्यू लागलेला आणि घरातून निघताना बायको म्हणाली, आजारीबिजारी नाही का सांगता आलं तुम्हाला?

ही निवडणूक मुळात त्या दिवशी व्हायचीच नव्हती. इतर सहा पालिकांचं आणि पणजी महापालिकेचं मतदान २० मार्चलाच उरकलं होतं. म्हापसा, मडगाव, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं वॉर्डांच्या आरक्षणाचं नोटिफिकेशन हायकोर्टाने रद्द केलं, कारण बायकांना एक तृतीयांश जागा द्यायच्या असं घटनेत लिहिलेलं असून दिल्या होत्या कमी. म्हापशात २० वॉर्ड, तिसरा हिस्सा काढला तर ६.६७, म्हणजे सात तरी पाहिजेत, चौथीच्या पोराला पण जमेल असं गणित. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे १२ मार्चला उलट आणखी ऐकून आलं की राज्याच्या कायदा सचिवालाच निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार देणं चालणार नाही, माणूस स्वतंत्र पाहिजे आणि निवडणूक ३० एप्रिलच्या आत उरका. असे आम्ही भर लाटेत बूथवर.

माझा बूथ बायकांसाठी राखीव वॉर्डातला होता. आता राखीव वॉर्ड म्हटल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, वॉर्ड हातचा गेला की बायको उभी करायची, पोस्टरवर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा, आणि दारोदार हाच सांगत फिरतो की गटार मी बांधणार, सोपोचं (बाजारात बसणाऱ्यांकडून घेतात त्या कराचं) मी बघतो. पक्षाची चिन्हं नसतात, पण कोण कुठल्या पॅनलचा हे शेंबडं पोर पण सांगतं.

सकाळी साडेसातला रिकामी पेटी उमेदवारांच्या एजंटांना दाखवत होतो, तेवढ्यात एक उमेदवार बाई आली, मागोमाग नवरा. पांढरा शर्ट, गळ्यात कसलंसं कार्ड, सरळ आत येऊन पेटीत डोकावला आणि मलाच विचारतो, "मास्तर, सील बरोबर लावलंय ना?" मी म्हटलं तुम्ही कोण? "अहो, हांव तिचो घोव!" मी म्हटलं ते ठीक आहे, पण एजंटचा फॉर्म कुठाय? फॉर्म नव्हता, एजंट म्हणून त्यांनी पुतण्याचं नाव दिलं होतं. मग बाहेर. तो तणतणला, आधीच्या निवडणुकीत मी स्वतः उमेदवार होतो, मला शिकवता काय, वगैरे. पोलिसाकडे नुसतं बघितलं तेव्हा गेला. (पुतण्या तोपर्यंत मोबाईलमध्ये. एजंट असाच असतो.)

मला वाटलं आता बाई पण जाईल. ती नाही गेली. पर्समधून एक छोटी वही काढली, कागदी सीलचा नंबर लिहून घेतला, मग म्हणाली, "सर, मतपत्रिका कुठल्या नंबरपासून सुरू होतात?" इतक्या ड्युट्या केल्या पण हा प्रश्न मला उमेदवाराने कधीच विचारला नव्हता, एजंट पण विचारत नाहीत, ते फक्त कोण आलं कोण नाही याच्या खुणा करत बसतात. नंबर सांगितला, तिने लिहिला, थँक्यू म्हणून निघून गेली.

दिवसभर नेहमीचंच. बाणफुलीचा शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध मारणारे, घडी न घालता पत्रिका हलवत येणारे, सॅनिटायझरचा हात सुकायच्या आत शाईला बोट पुढे करणारे, त्यांना थांबवता थांबवता आमची शाईवाली टीचर वैतागली. शेवटचा तास कोविडच्या पेशंटांसाठी होता, तेव्हा पीपीई किट घालून आम्ही सगळे अक्षरशः शिजलो, एप्रिलमधला म्हापशाचा उकाडा काय असतो ते तिथल्यालाच माहीत.

पाच वाजता दार बंद केलं तर ती बाई हजर. मी मतपत्रिकांचा हिशोब भरायला घेतला, मिळालेल्या किती, वापरल्या किती, रद्द किती, उरलेल्या कुठल्या नंबरपासून, पेटीत किती असायला पाहिजेत. ती बाजूला उभी राहून एकेक आकडा वहीत उतरवत होती, एका ठिकाणी थांबून स्वतःच वजाबाकी करून बघितली, आणि मग वही माझ्यापुढे सरकवली. "सर, खरी नक्कल म्हणून सही द्याल?" दिली. कशी नाही देणार, नियमच आहे तसा, पण मागायला कोणीतरी पाहिजे ना. पुतण्याने तिथे सही कुठे करायची एवढंच विचारलं.

पेटी गाडीत चढवत होतो तेव्हा नवरा गेटवर. तिच्या हातातली वही ओढून घेतली, पानं उलटली, "किती पडली आपल्याला?"

"पेटीत किती आहेत ते आहे त्यात. कोणाला पडली ते सोमवारी," ती म्हणाली, आणि वही परत घेऊन पर्समध्ये टाकली.

ती निवडून आली का हे विचारू नका, सांगितलं तर वॉर्ड कळेल. सामान जमा करायच्या रांगेतच रात्र झाली, घरी जाताना नाक्यावर पोलिसाला ड्युटीची ऑर्डर दाखवावी लागली. २६ तारखेला मोजणीला आमचाच एक मास्तर होता, त्याने संध्याकाळी फोन केला की तुझ्या बूथची पेटी उघडल्या उघडल्या एक बाई वही घेऊन टेबलाजवळ आली, आकडा जुळेपर्यंत हलली नाही, कोण रे ती?