घट बसायच्या आत प्रभावळ: पावसाळ्यातल्या लाकडी कामाचा माझा अनुभव

देवळासाठी लाकडी कोरीव काम करून घ्यायचं असेल तर तारीख जाहीर करायच्या आधी मिस्त्रीला विचारा. आमच्या बाबतीत उलटं झालं. यंदा घट नव्या प्रभावळीसमोर, म्हणजे मूर्तीमागच्या कोरीव चौकटीसमोर बसणार, हे कमिटीने चैत्रातल्या यात्रेत स्पीकरवरून सांगून टाकलं आणि मला बोलावणं आलं त्यानंतर. काम वेळेत झालं आणि मनासारखं झालं. पण श्रावण-भाद्रपदात जी ओढाताण झाली तिची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी मिरजेचा. घरात सुतारकी पिढीजात, त्यात कोरीव काम माझ्याकडे. हे काम होतं पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावचं. भैरवनाथ आणि जोगेश्वरी, दोन्ही मूर्तींच्या मागे मिळून एकच सागवानी प्रभावळ. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर मकर, मकरांच्या तोंडातून निघून वर चढत गेलेली वेल, वेलीत मोर आणि माथ्यावर कीर्तिमुख. उंची साडेसहा फूट, रुंदी पाच.

लाकूड चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाचं घेतलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर भागातून सागवान गेलं, तेव्हापासून प्रत्येक कमिटीला तेच हवं असतं. हट्ट वाईट नाही, माल खरोखर चांगला असतो. फक्त वखारीत फळीच्या कडेला पांढरा भाग किती आहे ते बघून घ्या. वाळवी सागाच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, पांढऱ्या भागाला सोडत नाही.

कोरण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सुरळीत झालं. मधे फक्त एक प्रश्न निघाला. कमिटीचे काही लोक कारखान्यात काम बघायला आले तेव्हा एकाने विचारलं, "देवाच्या डोक्यावर हा राक्षस कशाला? आणि ह्याला खालचा जबडा का नाही?" मी गोष्ट सांगितली. शंकराने राहूला खायला एक भुकेला गण उत्पन्न केला. राहू शरण आला, मग गणाने खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. शंकर प्रसन्न झाले, त्याला कीर्तिमुख नाव दिलं आणि माझ्या दारावर राहा म्हणाले. कमिटीच्या अध्यक्षांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णा म्हणाले, "मग राहू दे, मिस्त्री. दारावरचा पाहिजेच."

गाभाऱ्याचं दार साडेचार फूट उंच आणि जेमतेम सव्वादोन फूट रुंद. म्हणजे प्रभावळ सुट्या भागांत न्यायची आणि आतच उभी करायची. कुठल्याही जुन्या देवळाचं काम घेताना मूर्तीमागची जागा नंतर मोजा, आधी दार मोजा. उंबऱ्याची उंची आणि वरच्या गणेशपट्टीचा खालचा काठ धरून मोजा.

आता जिथे अडलं त्याविषयी.

मिरजेत वर्षाला सहाशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोयनानगरला पाच हजारांच्या आसपास. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हलतं. फूटभर रुंदीची सागाची फळी मिरजेच्या उन्हाळ्यातून उचलून कोयनेच्या आषाढात ठेवली तर दोन-तीन मिलीमीटर सहज फुगते. आपल्या घरांची दारं पावसाळ्यात चौकटीत अडतात ती यामुळेच. कोरीव कामात वेलीचं टोक एका फळीवर संपतं आणि तिथूनच पुढच्या फळीवर सुरू होतं. तिथे तीन मिलीमीटरचा फरक पडला तर वेल तुटलेली दिसते.

म्हणून मी पहिल्यापासून सांगत होतो की सगळे भाग पॉलिश न करता आधी देवळात येऊ द्या. मंडपात लाकडी पट्ट्यांवर उभे राहू द्या, तिथली हवा खाऊ द्या. मग शेवटची तासणी, जुळणी आणि पॉलिश तिथेच. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र माझ्याकडे आहे. कारखान्यात ते दहा टक्क्यांच्या आत दाखवत होतं, मंडपात हळूहळू पंधराच्या वर गेलं. ते एका आकड्यावर थांबेपर्यंत पटाशी लावण्यात अर्थ नव्हता. पण बघणाऱ्याला काय दिसतं? मिस्त्री येतो, सुया टोचतो, वहीत लिहितो, फळ्यांची बाजू बदलतो आणि निघून जातो.

"मिस्त्री, काम कधी सुरू करणार?" हा प्रश्न मला देवळात, चहाच्या टपरीवर, पाटणच्या स्टँडवर, सगळीकडे ऐकावा लागला. आण्णांनाही लोक टोचत होते. फोनवर ते म्हणायचे, "मला पटतंय हो तुमचं, पण मी गावाला काय सांगू?"

अशात एके सकाळी पोचलो तर मंडपात दोन हॅलोजन लावलेले. रात्रभर चालू होते. कमिटीतल्याच एकाने मला न विचारता, "लवकर वाळेल" म्हणून लावलेले. त्यासाठी मोराची फळी पट्ट्यांवरून काढून लादीवर आडवी ठेवलेली, वरून हॅलोजनची धग आणि खालून लादीची ओल. वरची बाजू आकसली, खालची फुगली आणि इतकी मेहनत घेतलेली फळी पन्हाळीसारखी वाकली. मोराच्या तुऱ्याजवळ एक बारीक चीर गेली होती. तो तुरा मी नखाएवढ्या गोल पटाशीने कोरला होता. दिवा जवळ धरून एकेक पीस उठवलं होतं. चिरेवरून बोट फिरवलं आणि काही वेळ मला बोलवेना.

मग आण्णांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "ही वायर आत्ता काढा. नाहीतर टेम्पो मागवतो आणि सगळं परत मिरजेला नेतो." त्यांनी स्वतःच्या हाताने वायर गुंडाळली. फळी मी परत उभी केली, दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल अशी. वजन ठेवलं नाही, शिकंजा लावला नाही. हा सल्ला लक्षात ठेवा: एका बाजूने तापून वाकलेली फळी दाबून सरळ करायला गेलात तर ती फुटते, मोकळी सोडली तर बहुतेक वेळा स्वतःच परत येते. आमची आली. चिरेत त्याच लाकडाची पातळ चीप, रेषेला रेष जुळवून, सरस लावून बसवली. आज दाखवल्याशिवाय कुणाला सापडत नाही.

सरसावरून आठवलं. साग तेलकट असतो. चिकटवायच्या आधी सांध्याच्या दोन्ही बाजू थिनरच्या फडक्याने पुसून लगेच जोडा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत सांधा सुटतो.

तासणी-जुळणी झाली आणि पॉलिशपाशी परत गाडी अडली. मी लाखेचं पॉलिश करतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचे. हे मी मिरजेत सतारमेकरांकडे बसून शिकलो. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या हातांची किंमत आम्हाला आधीपासून माहीत होती. या पॉलिशचं एकच दुखणं आहे, दमट हवा. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि थर दुधी होतो. एका उरलेल्या तुकड्यावर करून बघितलं. हात फिरवेपर्यंत सोनेरी दिसत होतं, मग डोळ्यांदेखत पांढरट झालं.

झालं, लोकांना निमित्तच मिळालं. शहरातल्या एका पॉलिशवाल्याकडून कुणीतरी भाव आणला. मशीनने फवारतो, दोन दिवसांत चकाचक. मी नाही म्हटलं आणि का ते सगळ्यांना बसवून सांगितलं. फवाऱ्याचा जाड थर मोराच्या पिसांत भरतो, कोरलेलं बुजतं. गाभाऱ्यात समई, धूप, कापूर रोजचाच. वीस वर्षांनी ते काजळी धरून सोलायला लागलं की खरवडावं लागतं आणि खरवडताना कोरीव काम जातं. लाखेचं पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने पुसून परत देता येतं. माझ्यानंतर जो मिस्त्री येईल त्याला हे करता आलं पाहिजे.

म्हणजे आता उघडीप हवी. गौरी-गणपती पावसात गेले. आणि ऊन पडलं ते नेमकं पक्षपंधरवड्यात! स्वच्छ आकाश, दुपारी कोरडा वारा, पॉलिशला याहून चांगली हवा मिळणार नाही. आणि गावातली जाणती माणसं म्हणाली, पक्षात देवाच्या कामाला हात लावायचा नाही. पक्ष संपला की दुसऱ्या दिवशी घट. मला रडूच यायचं बाकी होतं.

वाट काढली ती गुरवांनी. सत्तरीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. ते म्हणाले, "प्रतिष्ठा करत नाही आपण. लाकूड अजून मिस्त्रीचं आहे, देवाचं झालेलं नाही. मंडपात त्याला काय करायचं ते करू दे. गाभाऱ्यात मात्र अमावस्या सरल्याशिवाय काही येणार नाही." यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

मग सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढाच वेळ धरून पॉलिश केलं. संध्याकाळी हवा ओलावली की बोळा बाजूला. लाख दर वेळी ताजी भिजवली. जुनी बाटली वापरू नका, ती चिकट राहते आणि महिनोन् महिने वाळत नाही. फळ्यांच्या पाठीलाही पुढच्याइतकेच हात दिले. "मागचं कोण बघतंय?" असं एकाने विचारलं. कोणी बघत नाही, पण पाठ उघडी राहिली तर त्या बाजूने ओल शिरते आणि फळी पुढे वाकते.

खालच्या फूटभर भागाला लाख दिली नाही, कारण तिथे अभिषेकाचं पाणी उडतं. तिथे उकळलेलं अळशीचं तेल जिरवलं आणि खांबांच्या बुडांना पितळी बूट घातले. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा सुटी पसरून वाळवा.

सर्वपित्री अमावस्या संपली त्या रात्री जुळणी केली. सगळे भाग मंडपात आधीच कोरडे जुळवून बघितले होते आणि पाठीवर पेन्सिलने खुणा होत्या: डावा मकर, उजवा मकर, वेल एक, वेल दोन. त्यामुळे आत घाई करावी लागली नाही. फळ्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या सोडल्या, सरस फक्त चौकटीच्या सांध्यांना. स्क्रू पितळेचे, भोकं आडवी लांबट, म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी स्क्रू आडवा येत नाही. सागाला लोखंड लावू नका, काळे डाग पडतात.

भिंतीपासून दोन इंच जागा सोडायला आबांनी सांगितलं होतं. श्रावणात त्यांनी माझा हात धरून गाभाऱ्याच्या काळ्या दगडावर ठेवला होता, तळवा ओला झाला. आणि ते म्हणाले होते, नुसती उभी ठेवू नका, भिंतीला बांधा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या पहाटे ते पोरवयाचे होते, हे खोरं हललेलं त्यांनी बघितलंय. म्हणून मागे पितळी कड्या दिल्या, थोडा खेळ ठेवून. हलली तर हलेल, मूर्तींवर पडणार नाही.

कीर्तिमुख शेवटी बसवलं. त्याची कूस, म्हणजे खाली काढलेला खुंट, खाचेत गेली आणि वेलीची दोन्ही टोकं माथ्यावर मिळाली, मधे नख जाईल एवढीही फट नाही. खाली आण्णा बॅटरी धरून उभे होते. म्हणाले, "मिस्त्री, आता कळलं कशाला थांबला होता." ते हॅलोजनवालेही मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही.

हार थेट कोरीव कामावर अडकवू नका, त्यासाठी वेगळे हूक दिलेत. पुसायला कोरडा मऊ ब्रश, पाणी नको, खोबरेल तर अजिबात नको, त्यावर धूळ बसते. हे गुरवांच्या घरात सगळ्यांना सांगून आलोय, पण इतर ठिकाणच्या कमिट्यांनी लिहूनच घ्यावं.

पैशांचंही सांगतो. शेवटचा हप्ता काम उभं राहिलं त्या दिवशी देऊ नका आणि मिस्त्रीनेही मागू नये. एक उन्हाळा लागू द्या. लाकूड आकसतं तेव्हाच काय सुटतंय, काय टिकतंय ते कळतं. माझा हप्ता मीच मागे ठेवायला लावलाय. चैत्राच्या यात्रेला जाऊन सगळे सांधे बघणार, ओलीचा आकडा घेणार आणि मगच आण्णांकडून पैसे घेणार.