जुनी रुगर आणि तीन पाउंडांचा ट्रिगर

ओहायोत येऊन इतकी वर्षं झाली तरी बंदुकीच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो, त्याला मुख्य कारण कायद्याचं. एच-१बी व्हिसावर असताना इथे साधारणपणे बंदूक विकत घेता येत नाही. शिकारीचं लायसन्स काढलं तर वाट निघते म्हणा, पण त्या भानगडीत कोण पडणार? ग्रीन कार्ड हातात आलं, आणि त्याच सुमारास ऑफिसातला एक जण मला त्याच्या क्लबच्या ‘रिमफायर स्पोर्टर’, म्हणजे साध्या .२२ रायफलींच्या नेमबाजी सामन्याला घेऊन गेला. एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, त्याला जमाना लोटला. तिथली मजा बघून पुन्हा खाज सुटली.

या सामन्याचे नियम मला फार आवडले. रायफल साइटसकट (नेम धरायच्या साधनासकट) साडेसात पाउंडांच्या आत हवी आणि ट्रिगर कमीत कमी ३ पाउंडांचा, म्हणजे चाप ओढायला निदान तेवढा जोर लागला पाहिजे. ६० गोळ्या, ६०० गुण. ५० आणि २५ यार्डांवरून पालथं झोपून, बसून किंवा गुडघ्यावर, आणि उभं राहून मारायचं. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं तेही याच .२२ लाँग रायफल काडतुसावर, पण त्याच्या हातात होती ती खास नेमबाजीची, एकेक गोळी भरायची रायफल. इथे मात्र घरोघरी असते तसली साधी रायफल आणायची. आणि अमेरिकेत घरोघरी असते ती बहुतेक रुगर टेन-ट्वेंटीटू. १९६४ पासून ती निघतेय.

नवीन घ्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं. नव्या रायफलीत ट्रिगरचं घर, म्हणजे चापाचे भाग बसतात तो कप्पा, प्लास्टिकचं येतं, जुन्यात ते ॲल्युमिनियमचं असे, आणि दस्ता अक्रोडाचा. एका दुकानात मागच्या रॅकवर हवी तशी मिळाली. बॅरलवर बारीक अक्षरात कोरलेलं होतं, ‘मेड इन द टू हंड्रेड्थ इयर ऑफ अमेरिकन लिबर्टी’. म्हणजे १९७६ चा माल. त्या वर्षी रुगरने आपल्या बंदुकांवर हा शिक्का मारला होता. दस्त्यावर ओरखडे भरपूर, पण नळीच्या तोंडाशी उजेड धरून पाहिलं तर आतले गोळीला फिरकी देणारे आटे स्वच्छ आणि धारदार. जुनी .२२ घेताना मी तरी हेच बघेन. दस्ता घासून पॉलिश करता येतो. नळीच्या तोंडाची कड कोणी सफाईच्या सळईने झिजवली असेल तर त्याला इलाज नाही. या रायफलीचं रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा धातूचा डबा, मागून बंद असल्यामुळे सळई तोंडाकडूनच घालावी लागते, म्हणून ही झीज जुन्या रायफलींत दिसते. मी सळई वापरतच नाही, दोरीसारखा बोअरस्नेक मागून पुढे ओढतो.

कागदपत्रांचा भाग सोपा होता, फक्त लांबला. ४४७३ नंबरचा फॉर्म, त्यात ग्रीन कार्डवरचा नंबर, आणि मग एफबीआयकडे तपासणी. उत्तर तीनपैकी एक येतं: ‘प्रोसीड’, ‘डिलेड’ किंवा ‘डिनाइड’. माझं डिलेड आलं. काउंटरमागच्या काकांना त्यात काहीच वाटलं नाही. सारख्या नावाची माणसं असली की होतं म्हणाले. आपल्याकडची आडनावं बघता त्यात नवल ते काय! यथावकाश होकार आला. दरम्यान घरची अट पुरी केली. बायकोने स्वच्छ सांगितलं होतं, आधी तिजोरी भिंतीला ठोकायची, मग रायफल घरात. काडतुसांचा डबा वेगळ्या कुलपात.

पहिल्यांदा उघडली तेव्हा कळलं, आधीच्या मालकाने ती भरपूर चालवली होती आणि पुसली मात्र कधीच नव्हती. उघडणं सोपं आहे. मॅगझीन काढायचं, चेंबर रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करायची, नळी दस्त्याला धरून ठेवणारा पुढचा बॅरल बँड सैल करायचा, मग मधला एकच स्क्रू. मात्र सेफ्टीचं बटण दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्यावर आणल्याशिवाय रिसीव्हर दस्त्यातून सुटत नाही. ही गोष्ट कोणी सांगितलेली नसली की माणूस ओढाताण करत बसतो. आत शिसं, मेण आणि काजळी यांचा काळा चिकटा होता, सर्वांत जास्त एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली. रिकामी पुंगळी मधूनच अडकत होती ती त्यामुळेच. आकड्याची धारही गोल झालेली, म्हणून नवा बसवला. त्यामागची इवलीशी स्प्रिंग सुटली की उडते आणि परत सापडत नाही, तेव्हा बोल्ट, म्हणजे हा आकडा बसतो तो मागेपुढे सरकणारा तुकडा, पारदर्शक पिशवीत घालून आतल्या आत काम केलं. बोल्ट मागे येऊन आदळतो ती लोखंडी पिन काढून पॉलिमरची घातली. खर्च किरकोळ, पण दर गोळीमागे येणारा तो ‘खट्ट’ आवाज गेला.

आता ट्रिगर. गेजवर मोजला तर सहा पाउंडांच्या वर, वर करकर वेगळीच. चाप ओढता ओढता माशी, म्हणजे नळीच्या टोकाचं पुढचं साइट, निशाणाच्या काळ्या गोलाबाहेर जायची. इथे सगळे एकच सल्ला देतात: कंपनीचा बीएक्स ट्रिगर आण, दोन पिना काढ, बसव, संपलं. ट्रिगर उत्तमच आहे, पण कंपनीच सांगते अडीच ते तीन पाउंड. म्हणजे सामन्याच्या नियमाच्या काठावर, किंवा खालीच. शिवाय जुनं ॲल्युमिनियमचं घर काढून प्लास्टिकचं बसवायचं माझ्या जिवावर आलं. मग एका गनस्मिथकडे गेलो. त्यांनी घर तेच ठेवून हॅमर (गोळी उडवणारा हातोडा) आणि स्प्रिंग बदलली आणि सव्वातीन पाउंडांवर आणून दिलं. हॅमर आणि त्याला अडवून धरणारा सिअर जिथे एकमेकांत अडकतात तिथे घरी कानस घेऊन बसू नये. पकड कमी झाली की धक्क्याने गोळी सुटू शकते किंवा एका ओढीत दोन सुटतात. जिवाचा धोका तर आहेच, वर कायद्याचं लचांड.

दुर्बीण मी घेतली नाही, आणि मागे लावायचं छिद्राचं ॲपर्चर साइटही नाही. या सामन्यात ॲपर्चरवाल्यांना दुर्बीणवाल्यांच्याच गटात टाकतात, मग उगाच त्यांच्याशी कशाला भिडा? कंपनीचं दुमडणारं मागचं साइट आणि पुढची सोनेरी मणी असलेली माशी तशीच ठेवली आणि ओपन साइटच्या गटात नाव घातलं. माशीला मात्र सामन्याच्या दिवशी काळा मार्कर फासतो, उन्हात मणी एका बाजूने चमकला की नेम त्या बाजूला फसतो.

सगळ्यात जास्त फरक पडला काडतुसांनी. सुरुवातीला मोठ्या डब्यातली स्वस्त वापरत होतो, ५० यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांत मावायच्या नाहीत. सीसीआय कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी घेतली, ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, सेकंदाला १०७० फूट वेगाची, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच. त्याच नळीतून घोळका, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पसारा, दीड इंचावर आला. त्याच कंपनीची वेगवान, १२३५ फुटांची मिनी-मॅग माझ्या रायफलीला एवढी मानवली नाही, शेजारच्याच्या रायफलीला मानवते. प्रत्येक नळीची आवड निराळी, त्यामुळे पाच-सहा प्रकारांची एकेक डबी आणून बघावी. मधला स्क्रू किती घट्ट हेही बघावं. मी टॉर्क रेंचने १५ इंच-पाउंड ठेवतो. हाताने आवळला की घोळका दर वेळी नव्या जागी.

सामन्याआधी ट्रिगरची परीक्षा होते. रिकामी रायफल कॉक करून नळी वर करतात, चापाला तीन पाउंडांचं वजन अडकवून रायफल हळूच उचलतात. वजन जमिनीवरून सुटलं आणि हॅमर पडला नाही की पास. माझ्या आधीच्या पोराचा नवाकोरा ट्रिगर ‘टक्’ करून पडला, त्याला मित्राची रायफल मागून घ्यावी लागली. माझं वजन उचललं गेलं, क्षणभर हललं आणि लटकत राहिलं. गुण यथातथाच. झोपून आणि बसून बरे पडले, उभ्याने सगळं सांडलं. आता जाड बॅरल घे म्हणून मित्र मागे लागलाय. मी मात्र सीसीआयची एक पेटी मागवलीय, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये रिकाम्या रायफलीने उभ्याचा सराव चाललाय. टेन-ट्वेंटीटूला रिकामी चालवलेली सोसते, त्यामुळे त्याला छदामही लागत नाही.