डोक्यावरची रेघ

शेवटी घेतलंच. काळं, एबोनाइटचं, अंगठ्याएवढं जाड शाईपेन, ना कार्ट्रिज म्हणजे शाईची तयार नळी, ना कन्व्हर्टर म्हणजे शाई ओढून घ्यायचा छोटा पंप, आटे फिरवून उघडायचं आणि ड्रॉपरने सरळ पोटात शाई ओतायची. बायको म्हणाली, ड्रॉवरमध्ये बॉलपेनं किती पडलीयेत त्यातली चालतात किती ते आधी बघ. तिचं बरोबरच आहे, मी विषय बदलला.

उघडल्या उघडल्या आधी आला तो वास. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, त्यामुळे सायकलच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. मला आवडला, लेकीने नाक मुरडलं. कधी कधी निबला कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं म्हणून साबणाच्या पाण्यातून काढली, पाणी गारच घेतलं, गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो. शाई कॅमलची, रॉयल ब्लू. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करून सुरुवात केली त्या घरातली, आमच्याकडे आजोबांपासून सगळ्यांची बोटं याच निळ्याने रंगलीत.

पहिला शब्द अर्थात 'श्री'. निब जराशी खरखरली, मग एकदम सुटली, आणि मग मी उगाच स्वतःचं नाव, घरचा पत्ता, वाण्याची यादी असं काय काय लिहीत बसलो. बॉलपेन दाबून दाबून लिहायची इतकी सवय झालीय की मनगटाला सांगावं लागतं, बाबा रे नुसतं टेकव, शाई फटीतून आपली आपण उतरते.

पण गंमत पुढेच आहे. गेली कित्येक वर्षं मी अक्षरांवर रेघच देत नव्हतो, सगळे शब्द बोडके. या पेनाने हात आपोआप मागे गेला आणि शब्दाच्या डोक्यावरून सर्रकन रेघ ओढली, काय सुख आहे! फक्त एक लोचा आहे, आपण रेघ शब्द झाल्यावर देतो आणि तोवर शाई ओलीच असते, त्यामुळे निब प्रत्येक काना ओलांडताना थोडी शाई सोबत ओढून नेते आणि जोडावर बारीकसा गोळा होतो. इंग्रजीवाल्यांना हा त्रासच नाही, त्यांचे आय-जेचे ठिपके आणि टी-एक्सची रेघ सोडली तर मागे जायचंय कशाला. आणि साध्या दोनशेपानीवर तर शाई अशी फुटते की 'घ' आहे की 'ध' ते लिहिणाऱ्यालाच विचारावं.

शाळेत यावर उपाय होता, फळ्याखालचा खडू टेकवायचा, तो गपकन शाई प्यायचा. निब अडली की ब्लेडने फट मोकळी करायची, पुसायची डोक्याच्या केसांना, आणि शाई संपली की शेजाऱ्याकडून दोन थेंब, पेनातून पेनात, बाकावरच.

संध्याकाळी लेक गुपचूप माझ्या वहीत तिचं नाव लिहून गेली. रेघ न देता. आणि टोपण उघडंच.